तासाला किती युनिट?

रात्री नऊला गाडी प्लगला लावली तेव्हा बॅटरी २० टक्क्यांवर होती. सकाळी सहाला १०० हवी होती, होती ८२. मार्च सरत आला होता, पुण्यात ऊन तापायला लागलं होतं. फेब्रुवारीत हीच गाडी याच प्लगवर साडेआठ तासांत पूर्ण भरत होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघातिघांना विचारलं. एक म्हणाले, बॅटरी उतरायला लागली. दुसऱ्यांनी सुचवलं, सात किलोवॅटचा चार्जर बसवून टाका. तिसऱ्यांच्या मते सगळा दोष व्होल्टेजचा. मोजलं मात्र कुणीच नव्हतं, मीही नाही.

घरचं चार्जिंग मंदावलं की नजर आधी गाडीकडे जाते. पण वीज गाडीत शिरण्याआधी बरीच वाट चालून आलेली असते. कोपऱ्यावरच्या डीपीतून सर्व्हिस केबल, तिथून मीटर, मग एमसीबी, भिंतीतली वायर, सॉकेट, प्लग, पोर्टेबल चार्जरचा डबा, गाडीच्या आतला चार्जर आणि शेवटी बॅटरी. यातला कुठलाही एक टप्पा आखडला की सगळ्यांना त्याच्याच चालीने चालावं लागतं. कुठला टप्पा आखडलाय हे शोधायची साधनं घरातच असतात. विजेचं मीटर, घड्याळ आणि थोडा धीर एवढ्यावर निम्म्याहून अधिक शोध पार पडतो.

टक्के नकोत, युनिट मोजा

गाडीच्या पडद्यावरचे टक्के तुलनेला उपयोगी पडत नाहीत. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती, म्हणजे तिचे १० टक्के म्हणजे ३ युनिट. २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये ४०.५ ची बॅटरी आली. तिचे १० टक्के ४ युनिटचे. एमजी कॉमेटची बॅटरी १७.३ ची, तिथे १० टक्के पावणेदोन युनिटमध्ये भरतात. ‘माझी गाडी तासाला १० टक्के भरते, तुमची सातच का?’ या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलावरचं युनिट. ते सगळ्यांचं सारखं असतं.

रीत सोपी आहे. गाडी ज्या मीटरवर आहे त्यावरचा गीझर, एसी, इस्त्री बंद ठेवा. चार्जिंग सुरू करा, मीटरचा आकडा लिहून घ्या, बरोबर एका तासाने पुन्हा लिहा. वजाबाकीतून फ्रिज-पंख्यांचा किरकोळ वापर सोडून द्या. उरलेला आकडा हाच तुमच्या चार्जिंगचा वेग.

१५ अँपिअरच्या पॉवर प्लगमधून २३० व्होल्टला ३,४५० वॅट वीज वाहते. व्होल्टेज थोडं खालीवर होतंच, त्यामुळे तासाला ३.२ ते ३.४ युनिट पडत असतील तर या प्लगकडून जेवढं मिळू शकतं तेवढं मिळतंय. त्यातला दहा ते पंधरा टक्के भाग एसी विजेची डीसी करताना, पंप आणि पंखे चालवताना खर्च होतो. बॅटरीत पडतात साधारण २.९ युनिट. या हिशेबाने ३०.२ ची रिकामी बॅटरी भरायला साडेदहा तास लागणार आणि ४०.५ ची भरायला चौदा. मोठ्या बॅटरीची गाडी घेऊन जुन्याच प्लगवर लावली आणि ‘ही रात्रभरात भरत नाही’ असं वाटलं, तर तिथे बिघाड काहीच नसतो. गणितच तसं आहे.

आकडा याहून कमी आला तर तो नीट पाहा, कारण त्यातच निदान दडलेलं असतं. तासाला २.३ च्या आसपास आलं तर विद्युतप्रवाह १० अँपिअरवर आलेला आहे. १.४ आलं तर ६ अँपिअरवर. असे पायरीने उतरलेले आकडे सांगतात की वाटेत कुणीतरी ठरवून वेग कमी केलाय. २.९ किंवा ३ असा थोडासाच कमी आकडा मात्र बहुधा व्होल्टेजच्या घसरणीचा असतो. या दोन दुखण्यांची औषधं अगदी निराळी आहेत.

माझ्या मीटरवर पहिल्या अर्ध्या तासात पावणेदोन युनिट पडले होते, म्हणजे वेग पुरेपूर होता. पुढच्या अख्ख्या तासात २.३ च पडले. गाडी सुरुवातीला ठीक चालत होती आणि नंतर कुणीतरी तिला पायरी उतरायला लावत होतं.

वेग ठरवतं कोण?

भिंतीवरच्या ज्या डब्याला आपण चार्जर म्हणतो तो खरा चार्जर नसतो. एसी विजेची डीसी करून बॅटरीत भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. बाहेरचा डबा दोन कामं करतो. सगळं सुरक्षित आहे ना हे पाहून तो वीज सोडतो, आणि किती वीज घ्यायला हरकत नाही हे गाडीला कळवतो.

ही कळवण्याची पद्धत फार देखणी आहे. केबलमध्ये एक बारीक तार केवळ निरोपासाठी असते. तिच्यातून सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत धावत असतो. त्या चालू-बंदच्या प्रत्येक आवर्तनातला किती टक्के वेळ संकेत ‘चालू’ आहे, त्याला ०.६ ने गुणलं की अँपिअर मिळतात. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, २५ टक्के म्हणजे १५ आणि ५० टक्के म्हणजे ३०. गाडी आपल्या बाजूने त्याच तारेवरचं व्होल्टेज उतरवून उत्तर देते. नुसती जोडलेली असेल तर १२ चं ९ करते, वीज घ्यायला तयार असेल तर ६. नियम असा की डब्याने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा गाडीने जास्त घ्यायचं नाही आणि गाडीच्या ताकदीपेक्षा जास्त तिला कुणी देऊ शकत नाही. दोघांतला जो लहान आकडा, तोच वेग.

हे उमजलं की खर्चात पाडणारे बरेच सल्ले गळून पडतात. गाडीच्या आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२ किलोवॅटचा डबा लावून काहीही फरक पडत नाही. मला मिळालेला दुसरा सल्ला याच कारणाने बाद झाला. उलट, आतला चार्जर ७.२ चा असेल आणि गाडी १५ अँपिअरच्या प्लगवर लावली, तर तिची निम्म्याहून अधिक ताकद पडून राहते.

सगळ्यात जास्त गोंधळ थ्री फेजच्या डब्यावरून होतो. ११ किलोवॅट हा आकडा ऐकून ७.२ किलोवॅटच्या गाडीचा मालक खुशीत तो डबा बसवून घेतो, आणि गाडी जेमतेम पावणेचार किलोवॅट घेताना दिसते. ११ किलोवॅट हे तीन फेजवर प्रत्येकी १६ अँपिअर असे जमलेले असतात. सिंगल फेज चार्जर असलेली गाडी त्यातला एकच फेज वापरू शकते. तिला हवा असतो एकाच फेजवर ३२ अँपिअर देणारा डबा. केबल वेगळी निघणारी असेल तर तिचंही म्हणणं विचारात घ्यावं लागतं. टाइप टू प्लगच्या आत एक छोटा रोध बसवलेला असतो, त्यावरून केबल किती पेलू शकते हे ओळखलं जातं. ६८० ओहम म्हणजे २० अँपिअरची केबल, २२० ओहम म्हणजे ३२ ची. २० अँपिअरची केबल वापरली तर ३२ चा डबा आणि ३२ ची गाडी असूनही वेग २० वरच अडतो.

पंचेचाळीस वॅटचा स्क्रू

माझ्या पोर्टेबल चार्जरच्या पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. वायरमन आले त्यांनी आधी तोच पाहिला, मग मीटर रूममध्ये जाऊन मीटरवर फिरणाऱ्या आकड्यांतलं व्होल्टेज पाहिलं. १५ अँपिअर वाहत असताना मीटरवर २२७ व्होल्ट होते आणि चार्जरवर २१६. मीटरपासून प्लगपर्यंत येता येता ११ व्होल्ट वाटेत खर्च होत होते.

“साहेब, वायर अडीचची आहे,” ते म्हणाले. “गीझरला चालते. गीझर पंधरा मिनिटं चालतो. तुम्ही हिला रात्रभर चालवताय.”

अडीचची म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार. तिच्या एका मीटरचा रोध साधारण ७.४ मिलिओहम असतो. मीटर रूमपासून माझं पार्किंग ३५ मीटरवर. जाताना आणि येताना मिळून ७० मीटर, म्हणजे अर्ध्या ओहमपेक्षा किंचित जास्त. त्यातून १५ अँपिअर गेले की ८ व्होल्ट जाणारच. पण गेले होते ११. उरलेले ३ व्होल्ट कुठे गेले?

त्यांनी मेन बंद करून सॉकेट उघडलं. फेजच्या स्क्रूभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि तारेचं टोक काळवंडलं होतं. स्क्रू अर्धा फेरा सैल होता.

३ व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे ४५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते आणि ती धातू वितळवते. इथे जवळजवळ तशा दोन इस्त्र्या तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत रात्रभर पेटत होत्या. गंमत अशी की लांब वायरीत खर्च होणारी वीज याहून खूप जास्त होती, जवळपास १२० वॅट. पण ती ७० मीटरवर पसरलेली, मीटरमागे पावणेदोन वॅट. हाताला कोमटही लागू नये इतकी. वीज एकवटून जिथे उष्णता होते, घात तिथेच होतो.

आता मार्चचं कोडंही सुटलं. तार रात्री तापून प्रसरण पावते, दिवसा निवून आकुंचन पावते. रोजच्या या हालचालीने स्क्रूची पकड ढिली होते, तांब्यावर गंज धरतो, रोध वाढतो, रोधामुळे उष्णता आणखी वाढते. थंडीत ही उष्णता हवेत विरून जात होती. बाहेरचं तापमान चढलं तसा प्लग अधिक तापू लागला. चांगल्या पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमान ओळखणारा सेन्सर असतो. त्याने अर्ध्या-पाऊण तासात धोक्याची रेषा ओलांडलेली पाहिली आणि प्रवाह १५ वरून १० वर आणला.

मँचेस्टरजवळच्या एका मद्यनिर्मात्याच्या घरात जन्मलेल्या जेम्स जूलने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम इथे उपयोगी येतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह १५ वरून १० वर आला तेव्हा वेग एक तृतीयांशाने घटला, पण त्या स्क्रूतली उष्णता ४५ वॅटवरून २० वर आली. ज्या मंदपणाला मी वैतागत होतो त्यानेच ते सॉकेट पेटू दिलं नव्हतं.

वेगाचा आकडा पायरीने उतरलेला दिसला की म्हणूनच आधी सॉकेटकडे जावं. तासभर चार्जिंग झाल्यावर स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि कोरड्या हाताची मागची बाजू प्लगच्या प्लास्टिकला लावून पाहावी. कोमट असेल तर हरकत नाही. हात टेकवत नसेल, जळका वास येत असेल किंवा पिना काळ्या पडल्या असतील, तर त्या सॉकेटवर गाडी पुन्हा लावू नये. एक्स्टेन्शन बोर्ड आणि सहा अँपिअरच्या प्लगला जोडायचे कन्व्हर्टर गाडीसाठी कधीच वापरू नयेत. सैल स्क्रूची सगळी कहाणी तिथे दुप्पट वेगाने घडते.

लाल दिवा विझवू नका

काही वेळा चार्जर मंद होत नाही, सुरूच होत नाही, आणि लाल दिवा लावून बसतो. बहुतेकदा त्याला अर्थिंग सापडलेलं नसतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरी पिन भोकात जाते, पण मागे तारच नसते. नव्या इमारतीतही अर्थिंगच्या खड्ड्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. उन्हाळ्यात माती सुकली की त्याचा रोध वाढतो. जो दिवा पावसाळ्यात हिरवा असतो तो एप्रिलमध्ये लाल होतो.

यावर एक घातक उपाय हमखास सुचवला जातो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. चार्जरला वाटतं अर्थिंग मिळालं, दिवा हिरवा होतो. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली, तर २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. ओल्या फरशीवर उभं राहून दार उघडणारं लहान मूल त्या वेळी विजेच्या वाटेत असतं. हे कुणी सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा. खड्डा दुरुस्त करून घ्या किंवा नवा करा, आणि गाडीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी बसवा. एवढ्या खर्चात कसर करण्यासारखं काही नाही.

डीपीपासून लांबचं घर

आकडा पायरीने न उतरता थोडाच कमी असेल तर व्होल्टेज तपासावं. गावात डीपीपासून शेवटच्या खांबावरचं घर असेल आणि त्याच डीपीवर मोटारी सुरू असतील, तर २३० ऐवजी १९५ व्होल्ट सहज दिसतात. गाडी १५ अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे ३,४५० वॅटच्या जागी २,९२५ मिळतात. नऊ तासांत पाच युनिटांचा फरक पडतो. व्होल्टेज आणखी खाली गेलं की चार्जर थांबतो, वर आलं की पुन्हा सुरू होतो, आणि सकाळी गाडी अर्धवटच भरलेली दिसते.

स्टॅबिलायझर लावावा असं वाटतं, पण तो वीज निर्माण करत नाही. १९५ व्होल्ट घेऊन २३० व्होल्टला १५ अँपिअर द्यायचे तर त्याला मागच्या वायरीतून १७ पेक्षा जास्त अँपिअर ओढावे लागतात. आधीच दमलेल्या तारेवर आणखी भार. त्यापेक्षा चार्जिंगची वेळ मध्यरात्रीनंतरची लावावी, तेव्हा गावाचा वापर उतरलेला असतो. मीटरवरचंच व्होल्टेज कमी असेल तर दोष मीटरच्या अलीकडे नाही. चार-पाच रात्रींचे आकडे वेळेसकट लिहून वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ‘लाइट डाऊन असते’ यापेक्षा ‘रात्री ९ वाजता १९२ व्होल्ट’ या वाक्याला वजन असतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट असतात आणि गाडी सलग १२ अँपिअर घेते, म्हणजे तासाला १.४ युनिट. हिवाळ्यात गोठणबिंदूखाली त्यातली बरीच वीज बॅटरी उबदार ठेवण्यातच जाते. तिथे प्लग शोधत बसण्यापेक्षा २४० व्होल्टची वेगळी लाइन घेणं हाच उपाय.

बॅटरीवर ठपका कधी ठेवायचा?

३० युनिटच्या बॅटरीला ३.३ किलोवॅट म्हणजे तिच्या क्षमतेचा नववा हिस्सा. हायवेवरच्या जलद चार्जरवर हीच बॅटरी याच्या कितीतरी पट वीज घेते. म्हणजे घरच्या प्लगवर तिला काही कष्टच नसतात. ५० टक्क्यांवर असताना चार्जिंग मंदावलं, तर बॅटरीवर संशय घेण्याआधी वर सांगितलेले सगळे टप्पे पाहावेत.

बॅटरी स्वतःहून हात आखडते अशा मोजक्याच वेळा आहेत. शेवटच्या दोन-तीन टक्क्यांत ती आपले सगळे सेल एका पातळीवर आणत असते, तेव्हा वेग उतरतो, आणि तो उतरू द्यावा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात लांबून आलेली तापलेली गाडी लगेच प्लगला लावली, तर आधी तिची कूलिंग यंत्रणा वीज घेते. तासभर सावलीत थांबवावी. गोठणबिंदूखाली लिथियमचा थर साचून सेल कायमचे खराब होऊ शकतात, म्हणून गाडीच वेग रोखते. चार्जिंग चालू असताना आत एसी लावून बसलं तर तीही वीज त्या ३.३ मधूनच जाते.

शोधाचा क्रम

सगळ्यात आधी सेटिंग पाहा. गाडीत चार्जिंगची वेळ किंवा ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली असते, पोर्टेबल चार्जरवर अँपिअर निवडायचं बटण असतं, आणि घरातल्या कुणीतरी ते १० वर आणून ठेवलेलं असतं. मग पहिल्या अर्ध्या तासाचे आणि पुढच्या तासाचे युनिट मोजा. पायरीने उतरत असतील तर प्लगला हात लावून पाहा. थोडेच कमी असतील तर मीटरवरचं आणि प्लगजवळचं व्होल्टेज ताडून पाहा. शक्य असेल तर गाडी एकदा दुसऱ्या घरच्या चांगल्या प्लगवर लावा. तिथे पुरेसे युनिट पडले तर दोष तुमच्या भिंतीत, नाही पडले तर चार्जर किंवा गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. बोर्ड उघडणं, वायर बदलणं, अर्थिंग तपासणं ही कामं परवानाधारक वायरमनचीच.

आमच्याकडे वायरमननी ३५ मीटरसाठी सहाची तार ओढली, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी दिली आणि जळक्या सॉकेटच्या जागी निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावलं. त्याच रात्री मीटरवर २२७ आणि चार्जरवर २२३ व्होल्ट दिसले. प्रवाह रात्रभर १५ वरून हलला नाही.

जुनं सॉकेट त्यांनी फेकायला नेलं नाही. मी ते मागून घेतलं आणि सोसायटीच्या बैठकीत टेबलावर ठेवलं. तपकिरी पडलेलं प्लास्टिक आणि काळं तारेचं टोक सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. पार्किंगमध्ये आणखी चार गाड्या होत्या, चारही अशाच गीझरच्या वायरीवर. त्या महिन्यात चौघांनीही आपापली सॉकेटं उघडून पाहिली. दोन ठिकाणी स्क्रू सैल निघाले.